बिनपायरीचं घर

घराला स्टाइल असते, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर मी समजत होतो की घराला चार भिंती असतात, वर छप्पर असतं, आणि नशीब चांगलं असलं तर नळाला पाणी असतं.

आर्किटेक्ट मॅडम माझ्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहानच असतील. खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "काका, तुमची स्टाइल कुठली?"

मी शर्टाकडे बघितलं. बाहीला वार्निश लागलेलं. म्हटलं, "ही अशीच. चौतीस वर्षं झाली."

मी मोटारी भरतो. म्हणजे गाड्यांत माल भरतो असं नाही. पाण्याच्या पंपाची मोटार जळाली की आतली काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून बसवायची, वार्निश पाजायचं, सुकवायची आणि चालू करून द्यायची. आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकानं मला "जरा क्लासिक भरा हो" असं सांगितलेलं नाही. पाणी वर चढलं पाहिजे, विषय संपला.

मॅडम हसल्या नाहीत. कपाटातून त्यांनी हा एवढा जाडजूड अल्बम काढला आणि पानं उलटायला लागल्या. मॉडर्न. क्लासिक. फार्महाउस. कॉटेज. एक मेडिटेरेनियन होती, ते नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. "ह्यातली कुठली जवळची वाटते, घरी विचारून सांगा," त्या म्हणाल्या. मी अल्बम काखेत मारला आणि निघालो. घरी विचारायचं तर खरंच होतं, कारण घर बांधायचंच मुळी घरच्यांसाठी होतं.

तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नाही. चोपन्न पायऱ्या. आमच्या हिचे दोन्ही गुडघे गेलेत. सपाट जमिनीवर ती तुम्हाला मागे टाकेल, पण पायरी दिसली की तिचं तोंड असं होतं, जसं काही पायरीनं तिला शिवी दिली आहे. ही घरी शिवणकाम करते, म्हणून दिवस निघतो. दोन-दोन महिने तिला खालचा रस्ता खिडकीतूनच दिसायचा. आमचा एक छोटा प्लॉट पडून होता. त्यावर घर बांधायचं ठरलं तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली होती.

"कसलंही बांधा. पत्र्याचं बांधा. पायरी नको. एकही."

एवढं साधं काम. मी मनात म्हटलं, हे काय, चुटकीसरशी.

रविवारी शिवणाच्या टेबलावर अल्बम उघडला. पहिल्या मजल्यावरचे मास्तर आले होते. त्यांनी शाळेत चित्रकला शिकवलेली, त्यामुळे ज्यात रेघ आहे त्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा अधिकार. मुलगी सासरहून आली होती. आणि मेव्हणा. आमच्या हिचा हा धाकटा भाऊ पीओपीचं काम करतो, छताला नक्षी वगैरे. ज्या घरात शिरेल तिथे आधी वर बघतो, मग माणसांकडे.

"भाऊजी, डोळे मिटून क्लासिक घ्या," मेव्हणा म्हणाला. "समोर दोन खांब. घर कसं उठून दिसतं! माझ्याकडे दोन तयार पडलेत. एका गिऱ्हाइकानं ऐन वेळी नको म्हटलं."

"का नको म्हटलं?"

"त्याच्या घराला ते मोठे झाले."

"आणि माझ्या घराला?"

"तुमचं घर अजून बांधायचंय की. खांबाच्या मापानं बांधू."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "कॉटेज घ्या. उतरतं कौलारू छप्पर. डोळ्याला शांत. हे खांब म्हणजे नुसता थाट हो, बँकेत आल्यासारखं वाटतं."

"बाबा, प्लीज," मुलगी म्हणाली, "मॉडर्न. सरळ रेषा, मोठ्या काचा. बैठकीची जागा जरा खोल. आत उजेडच उजेड."

"काचा पुसणार कोण?" मी विचारलं. माझ्या अंदाजानं मीच.

हे चाललेलं असताना आमची ही वादात पडली नव्हती. हातात बटण-सुई होती. एकेक फोटो बघायची आणि आकडा सांगायची. खांबांचं घर बघून म्हणाली, "सात." कौलारू बघून म्हणाली, "तीन. आणि त्याही वाकड्या." फार्महाउसला, "चार. वर झोपाळा टांगलाय म्हणून लपणार आहेत का?" मॉडर्न आलं तेव्हा मुलगी खूश झाली. "बघ आई, ह्याला दारात एकही नाही!"

"दोन," ही म्हणाली.

"कुठे गं?"

"बैठकीत. खोल आहे ना ती? उतरायला दोन."

"अगं, त्या खाली जायच्या आहेत!"

"जाताना खालच्या असतात. येताना त्याच वरच्या होतात."

ह्यावर मास्तरसुद्धा गप्प झाले. तसे ते गप्प होणारे नाहीत. एकदा जिन्यातला दिवा गेला होता तर प्रकाश ह्या विषयावर ते अंधारात पाऊण तास बोलले होते.

आठवडाभर हेच. दुकानात लोक मोटार टेकवायच्या आधी विचारायचे, "स्टाइल ठरली का?" समोरच्या चहावाल्याचं म्हणणं गोल खिडक्या घ्या. त्याला कारण विचारलं तर म्हणाला, चौकोनी सगळ्यांकडे असतात. शेवटी मी वैतागून मॅडमकडे गेलो आणि सांगितलं, "सगळ्यांचं थोडं थोडं घाला. मुलीच्या काचा, मेव्हण्याचे खांब, पुढे मास्तरांसाठी कौलांची एक पट्टी. आणि बायकोसाठी पायऱ्या नको." मॅडमनी डोळे मिटून घेतले. गिऱ्हाइकानं जुनी तार परत वापरा म्हटलं की मी मिटतो, अगदी तसे. म्हणाल्या, "काका, असं मिक्स होत नाही." पण पोरगी जिद्दीची. पंधरा दिवसांत तिनं नकाशा काढला.

आता इथे माझी चूक झाली ती मी कबूल करतो, आडपडदा नाही. नकाशा टेबलावर पसरून मॅडमनी विचारलं, "काका, समजलं ना सगळं?" आता समजलं का असं कुणी विचारलं आणि नाही समजलं असं उत्तर दिलं, हे आमच्या घराण्यात अजून घडलेलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण मोटारीच्या आतली वायरिंग मी डोळे मिटून सांगतो, तर ह्या चार रेघा काय मोठ्या? मी बोट फिरवलं. इथे भिंत. इथे खिडकी. दारासमोर बारीक बारीक पाच आडव्या रेघा होत्या. मला वाटलं पायपुसणं. मनात म्हटलं, बघा, पोरीनं किती बारीक विचार केलाय. आणि ठोकली सही.

नकाशा मंजूर झाला. कचेरीचा जांभळा शिक्का पडला. मी तो गुंडाळून चोपन्न पायऱ्या जवळजवळ पळत चढलो आणि हिच्या टेबलावर उघडला. ही रोज कागदी कटिंग करते. बाही कुठली, गळा कुठला, हे तिला कागदावरच दिसतं. तिनं एकदा वरून खालपर्यंत नजर टाकली आणि दारापाशी बोट ठेवलं.

"अहो, हे काय?"

"पायपुसणं."

"भिंतीएवढं रुंद?"

"मोठं आहे जरा."

"पाच," ही म्हणाली.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडली नाही. नकाशाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. दोन दिवस फक्त कामापुरतं बोलली. "पाणी आलंय." "बटण तुटलंय, काढून ठेवा." तिसऱ्या दिवशी मशीन थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही राहा तिकडे. मी इथेच राहीन. इथल्या चोपन्न निदान ओळखीच्या तरी आहेत."

त्या दिवशी मी दुकानात एका मोटारीला वेढे उलटे घातले. मोटार चालू केली तर ती पाणी चढवायच्या ऐवजी नुसती घुमायला लागली. गिऱ्हाईक म्हणालं, "काय हो, नवीन स्टाइल का?" त्याला मी काय बोललो ते इथे सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत. पहिली खिडकी म्हणाली दुसरी. दुसरी जेवायला गेलेली. परत आली तेव्हा तिच्या मागे एक किडकिडीत कारकून बसला होता, पेन कानामागे.

"साहेब, नकाशातल्या पायऱ्या काढायच्यात."

"किती?"

"सगळ्या."

"कारण?"

"बायकोचे गुडघे."

त्यानं फॉर्म पालथा घालून बघितला, सुलटा करून बघितला. "गुडघे असा रकाना नाही. मालकाची इच्छा लिहितो." लिहिलं. मग म्हणाला, "पायऱ्या काढा, माझी हरकत नाही. पण जोतं अडीच फूटच पाहिजे."

जोतं म्हणजे घराचा ओटा, ज्यावर भिंती उभ्या राहतात. मॅडमनी त्या पाच रेघा का मारल्या ते मला आत्ता कळलं. "का बुवा?" मी म्हटलं.

"तो भाग खोलगट आहे. पाणी भरतं. नियम आहे."

"मग पायरी नसताना माणूस अडीच फूट वर चढणार कसा?"

"ते दुसऱ्या खात्याकडे."

"कुठल्या?"

त्यानं खरंच विचार केला, बिचाऱ्यानं. "तसं खातं नाहीये बहुतेक," म्हणाला. "आम्ही फक्त उंची बघतो. वर गेलेला माणूस कसा गेला, ते आम्ही विचारत नाही."

मिस्त्रीला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. आमचा मिस्त्री जाडा, मिशीवाला, आणि कुठल्याही अडचणीला त्याचं उत्तर "होतंय की." म्हणाला, "होतंय की. उतार काढू. स्कूटर चढवतात तसा. ताईंना जागेवर घेऊन या, फळी लावून दाखवतो. आणि त्याच दिवशी पाया आखून खोदायला घेऊ."

ही यायला तयार झाली, कारण तिला मिस्त्रीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. चोपन्न पायऱ्या उतरायला आम्हाला वीस मिनिटं लागली. मी मध्येच हात द्यायला गेलो तर म्हणाली, "हात नको, तुमचा तोलही मलाच सांभाळावा लागतो."

प्लॉटवर मिस्त्रीनं अडीच फूट विटा रचल्या, त्यावर आठ फुटांची फळी टेकवली. ही तीन पावलं चढली आणि थांबली. "नाही." मिस्त्रीनं दोन फळ्या जोडल्या. "अजून कमी." तीन जोडल्या. "अजून." मिस्त्रीकडे लेव्हल होती, काचेच्या नळीतला बुडबुडा बघून तो चढ सांगायचा. पण आमच्या हिचा गुडघा त्या बुडबुड्याहून तिखट. बुडबुडा म्हणायचा चालेल, गुडघा म्हणायचा नाही. शेवटी फळ्या संपल्या. मिस्त्रीनं काडीनं मातीत गणित मांडलं आणि डोकं खाजवलं.

"ताई, तुमच्या गुडघ्याच्या हिशोबानं ऐंशी फूट लांब उतार लागेल. घराच्या दारापासून फाटक दहा फुटांवर. उरलेले सत्तर फूट रस्ता ओलांडून समोरच्या पिठाच्या गिरणीत जातात."

पहिल्यांदाच तो "होतंय की" म्हणाला नाही. ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि फाटकाकडे बघत राहिली. मी उगाच एक वीट उचलून दुसरीकडे ठेवली.

पाया तर आखायचाच होता, खोदायचं मशीन येऊन फाटकात घरघरत उभं. मिस्त्रीचा माणूस पांढऱ्या पुडीनं जमिनीवर रेघा मारायला लागला. दोन रेघा झाल्या आणि ही उठली. वाकडी रेघ तिला बघवत नाही. मागे एकदा ती लग्नात नवऱ्यामुलाच्या कोटाची शिवण बघत राहिली होती, जेवायचं विसरून. "दे इकडे," म्हणाली. पुडीच्या डब्याच्या बुडाला भोकं पाडलेली, डबा हलवला की पूड पडते, वाकायला नको. मिस्त्री म्हणाला, "होतंय की. ताई आखताहेत तोवर मी सळया बघून येतो." दोरी मी धरली, रेघा हिनं मारल्या. अशा सरळ की मशीनवाला खाली उतरून बघायला आला.

सगळं घर आखून झाल्यावर हिनं बाहेरच्या अंगानं, चारही बाजूंनी, अजून एक रेघ मारली. पहिलीपासून बरोबर एक फूट लांब. मी दोरी धरून मागे मागे. मला वाटलं, असंच असेल. मशीनवाल्यानं मला विचारलं, "काका, आतल्या रेघेवर खोदू का बाहेरच्या?"

मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "कापायचं नेहमी बाहेरच्या रेघेवर असतं."

तिच्या आवाजात इतकी खात्री होती की मशीनवाल्यानं मान डोलावली आणि खोदलं. बाहेरच्या रेघेवर. चारी बाजूंनी.

चार दिवसांनी तपासायला कचेरीतले मोठे साहेब आले. कडक इस्त्री, हातात टेप. घर आणि कुंपण ह्यांच्यात पाच फूट मोकळी जागा सोडायचीच असा नियम. त्यांनी एकीकडे टेप लावली, दुसरीकडे लावली, मागे जाऊन लावली, आणि परत आले तेव्हा त्यांचं तोंड टेपपेक्षा लांब झालं होतं.

"चार फूट. सगळीकडे एक फूट जास्त खणलंय. कुणी आखलं?"

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घरच्यांनी."

"घरच्यांनी म्हणजे?"

मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि साहेबांच्या हातात दिला. हे करायला नको होतं, पण मला वाटलं, होऊन जाऊ दे.

"बाई, ही एक फूट बाहेरची रेघ कसली?" साहेबांनी विचारलं.

"माया सोडली," फोनमधून ही म्हणाली.

"काय सोडली?"

"शिवताना कापड आत जातं. म्हणून माया सोडतात. शर्टाला इंचभर, घराला म्हटलं फूटभर तरी हवी."

साहेब माझ्याकडे बघत होते. मी आकाशाकडे. "बाई, घर आत जात नाही."

"उद्या आवळलं तर? माया असली की उसवून मोठं करता येतं."

साहेबांनी फोन मला परत दिला. मला वाटलं आता दंड. पण ते हळूच म्हणाले, "माझ्या आईचं शिवणाचं मशीन होतं. तीही असंच..." मग एकदम कडक झाले. "भिंती आतल्या रेघेवर घ्या. बाहेरचा फूटभर खड्डा पूर्ण बुजवा, चोपून. तोवर पुढचा कागद मिळणार नाही."

मेव्हण्यानं ही गोष्ट गावभर केली. दुकानात लोक येऊन विचारायचे, "घराला अस्तर लावणार का? काज-बटणं?" मास्तर जिन्यात मला गाठून म्हणाले, "ह्या शैलीला काय नाव द्यावं ह्याचा मी विचार करतोय." मी म्हटलं, "मास्तर, विचार करू नका, तब्येतीला बरं नाही." बाहेर मी असा. घरात मात्र हिच्यासमोर विषय काढायची माझी छाती नव्हती. ती मुकाट मशीन चालवायची. मध्येच थांबून म्हणायची, "एक फूट. चारी बाजूंनी," आणि परत पाय मारायला लागायची.

महिन्याभरात जोतं उभं राहिलं. अडीच फूट, नियमानं. समोर मेव्हण्याच्या खांबांचे दोन मोठे खड्डे, त्यामुळे समोरून वर जायला वाटच नाही. मिस्त्रीनं मला शिडी लावून दिली होती, तिच्यावरून मी चढ-उतार करायचो आणि मनात म्हणायचो, उद्या हिला काय सांगू?

एके दिवशी ही म्हणाली, "मला ते बुजवलेलं बघायचंय." दिवाळं निघालेला माणूस दुकान बघायला जातो ना, तसा तिचा चेहरा होता. गेलो. चोपन्न उतरलो. मी शिडीवरून जोत्यावर चढलो, वर मिस्त्री खोल्यांच्या भिंती रचत होता. ही खालून, कुंपणाच्या कडेकडेनं निघाली, आपण खणायला लावलेला फूट नीट बुजला की नाही बघत. मला डाव्या बाजूनं तिचं फक्त डोकं दिसलं, मग ती मागे वळली.

मी मिस्त्रीशी विटांवरून बोलत होतो. बोलता बोलता उजवीकडे मान वळवली तर ही माझ्या शेजारी उभी. जोत्यावर.

"तू वर कशी आलीस?"

"मी कुठे वर आले?" ही म्हणाली. "मी तर चालत होते."

आम्ही तिघांनी खाली बघितलं. झालं होतं असं, की मजुरांना विटा आणि कालवलेलं सिमेंट एकचाकी गाडीतून जोत्यावर न्यायचं होतं. समोर खांबांचे खड्डे. म्हणून ते फाटकातून डावीकडे वळून, घराला मागून वळसा घालून, उजव्या अंगानं वर यायचे. भरलेली गाडी ढकलायची तर चढ अंगावर येता कामा नये. त्यांनी तो बुजवलेला पट्टा आणि उरलेली माती मिळून सावकाश, सावकाश चढवत आणलेली होती. डावी बाजू, मागची बाजू, उजवी बाजू. गाडीच्या चाकानं चोपून चोपून गुळगुळीत झालेली. मिस्त्रीनं पावलं टाकून मोजलं. चौऱ्याऐंशी फूट.

"दुखलं का?" मी विचारलं.

ही जरा थांबली. गुडघ्यावर हात ठेवला, जसं काही आतून कोण बोलतंय ते ऐकायचंय. "विसरले बघायला," म्हणाली.

"होतंय की!" मिस्त्री ओरडला आणि हातातली वीट त्याच्याच पायावर पडली.

पण साहेब परत आले. मोकळ्या जागेत बांधकाम चालत नाही. "हे काय?" त्यांनी विचारलं.

"माती," मी म्हटलं.

"माती अडीच फूट चढलीय."

"हळूहळू चढलीय, साहेब."

ते त्या वाटेनं चालत गेले. मागे दिसेनासे झाले. बराच वेळ आले नाहीत. मग उजवीकडून आमच्या बरोबरीला येऊन उभे राहिले आणि आपण वर कसे आलो ते त्यांना क्षणभर कळेना. वही उघडली, पेन कुठल्याच रकान्यात टेकेना. शेवटी लिहिलं, "आवार किंचित चढाचे." शिक्का मारला. जाताना म्हणाले, "कठडा लावा. आणि फरशी खरबरीत घ्या."

घर झालं. मॅडमना ते बघून काही दिवस जेवण गेलं नसावं. समोर काचा, वर कौलांची पट्टी, मध्ये दोन जाडजूड खांब, खांबांच्या मधोमध दार, दारासमोर जोत्याची अरुंद पट्टी, आणि तिच्यापुढे काही नाही, सरळ अडीच फूट हवा. पाहुणा फाटकातून येतो, दहा फुटांवर दार बघतो, आणि मग त्याला कळतं की पूर्ण घराला वळसा घातल्याशिवाय आत जाता येत नाही. वाटेत सगळ्या खिडक्या लागतात. बैठक, स्वयंपाकघर, झोपायची खोली. दारात पोचेपर्यंत त्याला घरात काय शिजलंय, कोण झोपलंय, कशाची घडी घातलेली नाही, सगळं माहीत. घरी नाही असं सांगायची सोय राहिली नाही. मेव्हण्याला हे पटेना. "मी काय म्हातारा आहे?" म्हणत त्यानं समोरून खांबाला धरून उडी मारली आणि पँट टरकावली. आमच्या हिनं ती शिवून दिली. म्हणाली, "माया सोडली असती तर फाटली नसती."

राहायला जायच्या दिवशी सामान पुढे गेलं, मागे आम्ही दोघं. ही जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. प्रत्येक पायरीला मोठ्यानं आकडा म्हणत उतरली, चोपन्नवरून खाली. मास्तर पहिल्या मजल्यावर दार उघडून उभे होते, काहीतरी बोलणार होते, पण आकडा चुकेल म्हणून बोलले नाहीत. एक म्हटल्यावर ती रस्त्यावर उतरली आणि मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

नव्या घरी मी शिडीनं पुढे गेलो, दार उघडलं आणि चौकटीत उभा राहिलो. म्हटलं, आपण दारात असावं. ही फाटकातून आली. वर माझ्याकडे बघितलं, आणि डावीकडे वळली.

पहिल्या खिडकीतून आवाज आला, "पडदे आखूड झालेत." स्वयंपाकघराच्या खिडकीतून आला, "गॅसची नळी नीट बसवून घ्या." मग मागे गेली आणि आवाज बंद. मी वाट बघतोय. एक मिनिट. दोन मिनिटं. अडकली का? बसली का खाली? मी घरातून पळत मागच्या खिडकीशी गेलो, तर ही कठड्याला न धरता, हात मागे बांधून, शेजारणीशी कुंपणावरून बोलत होती. मी परत दारात पळालो आणि दमलेलो नाही असं तोंड करून उभा राहिलो.

ही उजव्या बाजूनं वर आली. माझ्यासमोर येऊन थांबली. श्वाससुद्धा लागला नव्हता. मी बाजूला सरकलो, म्हटलं, "ये."

तिनं आत बघितलं. मग आलेल्या वाटेकडे.

"थांबा," म्हणाली. "अजून एकदा येते."

आणि उतारावरून फाटकाकडे चालायला लागली. मी दार धरून उभा.